रोज दोनच प्रकरणं

पुस्तकाचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा की," तो म्हणाला.

बाहेर झड लागली होती. दुकानाच्या दारात छत्र्यांचं पाणी साचलेलं, आणि आत आम्ही दोघं एका जाडजूड निळ्या पुस्तकाला लोंबकळत उभे. तो उंच, केस ओले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. माझ्याकडं बघून तो चक्क हसला. असल्या वेळी हसणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत!

"मी दोन महिने आधी सांगून ठेवलंय."

"मीबी."

दुकानदार काकांनी कपाळाला हात लावला. "दोन मागवली होती हो! एकच आलं. ऑनलाइनवर पण संपलंय म्हणे."

आता हे पुस्तक म्हणजे काय, ते सांगते. झोरन नावाच्या ड्रॅगनच्या मालिकेचा हा तिसरा आणि शेवटचा भाग. दुसऱ्या भागाच्या शेवटी लिओरा जखमी झोरनच्या पाठीवरून खाली कोसळते, तिचा टॅविन वरून हाका मारत राहतो... आणि पुस्तक संपतं. असं कुणी करतं का? पुढं तीन वर्षं लेखिका गप्प. तीन वर्षांत माझं कॉलेज संपलं, पतसंस्थेत नोकरी लागली, माझ्या थोरल्या बहिणीचं, वर्षाराणीचं, लग्न होऊन तिचं पोरगं चालायला लागलं. बाईंचं पुस्तक मात्र संपेना!

"भागीत घ्या की," काका म्हणाले. "म्हस घेतात तसं. एक दिवस ह्यांच्या दारात, एक दिवस त्यांच्या."

दुसरा इलाजच नव्हता. पहिल्यांदा कुणी न्यायचं त्यासाठी नाणं उडवलं, आणि अर्थातच तो जिंकला.

"मी आदर्श," जाताना तो म्हणाला. "शिरोलीत फाउंड्रीत डिझाइनला असतो. उद्या सहाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर या, पुस्तक देतो."

"आणि न्हाय आलात तर?"

"तर शिवाजी पेठेत येऊन माझ्या नावानं बोंब मारा. सगळी पेठ ओळखतीय मला."

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. डोळे मात्र लालभडक.

"डोळे आलेत काय?" मी दोन पावलं मागं सरले.

"तसंच काहीतरी..." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक पुढं केलं. एकही कोपरा भिजला नव्हता. "एक सांगू? रोज दोनच प्रकरणं वाचू. मी दोन वाचतो, मग तुम्ही तीच दोन. रोज इथं भेटायचं, बोलायचं. तीन वर्षं थांबलोय, आता घाई कशाला?"

किती रसिक माणूस, असं मला वाटलं. आग लागो माझ्या अकलेला!

घरी जाऊन मी पहिलं पान उघडलं. पहिलंच वाक्य, 'दोन वर्षांनंतर.' म्हणजे लिओरा पडली, तिला कुणी झेललं, झोरनच्या जखमेचं काय झालं, सगळं गुंडाळून ठेवलेलं. आणि झोरन? झोरन गुहेत झोपलाय. पुढच्या प्रकरणात? झोपलाय. त्याच्या शेवटी तरी? अहो, झोपलाय! त्याच्याऐवजी म्हातारे ड्रॅगन गोलात बसून ठराव मांडतायत, हरकती घेतायत. ग्रामपंचायतीची मासिक सभा बरी, तिथं निदान चहा तरी मिळतो.

मला वाटलं, आदर्शपण असाच भडकला असेल. कट्ट्यावर, म्हणजे म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध देतात तिथं, गेले तर तो दुधाचा ग्लास धरून निवांत उभा.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"कसं वाटायचंय? पार माती केलीय बाईनं!"

"मला तर... आवडलं."

"काय आवडलं? ती सभा?"

"सावकाश भिनतंय ते. पुढं बघ की." कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मी आ वासून त्याच्याकडं बघत राहिले. कट्ट्यावरच्या आकाराम मामांनी म्हशीची धार काढता काढता मान वर केली. "पोरी, दूध घे. डोकं थंड हुतंय." मी घेतलं. कोमट, फेसाळ, गोड. आदर्शनं आपल्या ओठावर बोट ठेवून मला खूण केली. दुधाच्या फेसाची मिशी आली होती माझ्या ओठांवर. रुमाल काढून दिला, पण बघत मात्र राहिला... आणि मला उगाचच राग आला. कसला, ते मलाही सांगता येणार नाही.

असे तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी पतसंस्थेचं काउंटर बंद करून मी गंगावेशीत. पाऊस कधी भुरभुर, कधी धो धो. मग आम्ही पत्र्याखाली म्हशींच्या शेजारी अंग चोरून उभे राहायचो. त्याची बाही माझ्या बाहीला लागायची आणि दोघंही नेमके त्याच वेळी रस्त्याकडं बघायचो. मी पुस्तकाला शिव्या द्यायची, तो त्याची वकिली करायचा.

"लिओरा एवढी मठ्ठ कशी झाली रे? पहिल्या भागात एकटीनं किल्ला घेतला हिनं. आता टॅविनला एक वाक्य बोलायला पन्नास पानं लागतात!"

"लाजत असंल."

"लाजायला काय झालंय? तोंड शिवलंय काय तिचं? 'तू मला आवडतोस', संपला विषय! आणि तो टॅविन... तो दिवसभर तलवार पुसतोय नुसता."

"त्यालाबी भीती वाटत असंल की."

"कसली?"

"ती न्हाय म्हणाली तर... अशी." त्यानं ग्लासात बघितलं. ग्लास रिकामा होता.

घरी आल्यावर मी आईपुढं सगळा राग काढायची. आई भाकरी थापता थापता ऐकायची. ड्रॅगन अजून उठला नाही, हे बिचारीला रोज ऐकावं लागायचं. एक दिवस माहेरपणाला आलेली वर्षाराणी म्हणाली, "भिकार हाय म्हणतीस, मग सोडून दे की! कुणी शपथ घातलीय?"

पुस्तक सोडलं तर कट्टा सुटणार होता. एवढं साधं होतं ते, आणि एवढंच कुणाला सांगता येत नव्हतं.

आणि त्यातच बाबांनी जाहीर केलं, की रविवारी इचलकरंजीचे पाहुणे मला बघायला येणार. पॉवरलूमवाले, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. "तुझ्या मनात कोण असलं तर आत्ताच सांग," बाबा म्हणाले. "माणसं घरात आल्यावर आमची शोभा नको."

काय सांगणार होते मी? की एक पोरगा मला रोज भेटतो आणि ड्रॅगनच्या मासिक सभेबद्दल बोलतो? त्यानं दुसरा एक शब्द काढला नव्हता. आणि खरं सांगू? रात्री पडल्या पडल्या मला आणखी एक प्रश्न छळायचा. हा माणूस आवडतो, ठीक आहे. पण ज्याला *हे* पुस्तक आवडतं, त्याच्याबरोबर जन्म कसा काढायचा? उद्या हा करपलेली आमटी खाऊनसुद्धा 'सावकाश भिनतीय' म्हणेल!

शनिवारी मी कट्ट्यावर पोचले ती ठरवूनच, आता पुस्तकही बंद आणि कट्टाही. पुस्तक त्याच्या छातीवर आदळलं.

"घे. संपलं."

"काय संपलं? निम्मं राहिलंय की अजून!"

"मी वाचणार न्हाय. लिओरा आता आजारी पडलीय, टॅविन तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलाय, आणि तो झोरन झोपलाय! मी मेलो तरी पुढचं पान उलटणार न्हाय." (आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना 'मेले' म्हणत नाही, 'मेलो'च म्हणतो. लिहिताना तेवढं शहाण्यासारखं वागायचं.)

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अगं, असं काय करतीस... थोडी कळ काढ. शेवटच्या पानावर झोरन उठतोय की!"

आकाराम मामांचा हात थांबला. म्हशीनं शेपूट हलवली.

"शेवटच्या पानावर?" मी सावकाश विचारलं. "तुला कसं ठाऊक?"

"म्हणजे... अंदाज."

"आदर्श!"

"वाचलंय मी." तो पुटपुटला. "सगळं. पहिल्याच रात्री."

ते लाल डोळे! ते आले बिले काही नव्हते, रात्रभर जागून फुगले होते. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही.

"भागीतला माल एकट्यानं खाल्लास?"

"चुकलं. पण राहवलंच न्हाय. तीन वर्षं झाली होती गं..."

"आणि वर तोंड करून मला म्हणालास, रोज दोनच प्रकरणं! आणि एवढं वाचून तुला ते आवडलं?"

"आवडलं?" तो एकदम उसळला. "अगं, भिकार पुस्तक हाय ते! पहाटे भिंतीवर फेकून मारणार होतो. झोरनची पार वाट लावली. तीन वर्षं वाट बघून हे?"

"मग भिनतंय काय, लाजतंय काय, रोज काय बडबडत होतास?"

"मग काय सांगू? पुस्तक फालतू हाय, वाचू नका, असं? तू गेली असतीस की घरी! परत कशाला आली असतीस हितं?"

पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता.

"पण रोज तर तू बारीकसारीक सांगायचास," मी म्हणाले. "कोण काय बोललं, कुणी कुठला अंगरखा घातला... पहिल्या रात्रीचं एवढं कसं ध्यानात राहिलं?"

"न्हाय राहिलं." त्यानं मान खाली घातली. "तुझ्याशी बोलायचं म्हणून परत वाचत होतो. माझी पाळी आली की ती दोन प्रकरणं. परत पहिल्यापासून."

"परत?"

"व्हय."

"म्हणजे ते पुस्तक... ती सभा... तू *दोनदा* वाचलीस?"

"सभा तीनदा. तू प्रश्न लई विचारलेलीस."

मी त्याच्याकडं बघितलं. ओले केस, पडलेला चेहरा, हातात ते मणभर निळं पुस्तक. आणि माझा सगळा राग कुठं पळाला कुणास ठाऊक. एवढी वर्षं मी सुंदर प्रेमकथा वाचत आले होते. त्यातल्या एकाही नायकानं नायिकेसाठी एवढं सोसलं नव्हतं.

"खुळ्या," मी म्हणाले. "मला पहिल्या पानालाच सोडून द्यायचं होतं."

"मग का वाचलीस?"

आता लाजून चालणार नव्हतं. पन्नास पानं तोंड न उघडणाऱ्या लिओराला शिव्या घालून झाल्या होत्या माझ्या.

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. "तू मला आवडतोस. आणि ऐक, उद्या इचलकरंजीचे पाहुणे मला बघायला यायलेत. त्यामुळं तुला जे काय बोलायचंय ते आत्ता बोल. पाच मिनिटं हायत तुझ्याकडं."

"पाच मिनिटं कशाला?" तो हसत होता. या वेळी मला राग आला नाही. "मलाबी तू आवडतीस. दुकानात पुस्तक ओढताना आवडलीस. आत्ता येऊ घरी? आईबाबांना घेऊन रात्री येऊ? तू सांग, मी येतो."

"थांब."

मी तिथंच, म्हशींच्या शेजारी, आईला फोन लावला. पत्र्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मी जरा बाहेर सरले, तर त्यानं माझ्यावर छत्री धरली.

"आई, बाबांना सांग, उद्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. मला एक मुलगा आवडलाय."

पलीकडून हळूच, "कोण गं? कुठला?"

"शिवाजी पेठेतला. आदर्श. शिरोलीला नोकरी करतो."

"आणि हे आत्ता सांगतीस? उद्या माणसं यायचीत!" आईचा आवाज चढला. "निशिगंधा, एवढ्या चांगल्या स्थळाला नको म्हणायचं, तर तुझ्या बाबांना मी कारण काय सांगू? असं काय बघितलंस त्याच्यात?"

मी आदर्शकडं बघितलं. माझ्यावर छत्री धरून तो स्वतः पार भिजला होता.

"आई," मी म्हणाले, "त्यानं ते पुस्तक माझ्यासाठी दोनदा वाचलंय."

तीन आठवडे आई बिचारी त्या पुस्तकाबद्दल रोज ऐकत आली होती.

"ते? ड्रॅगन झोपलेलं?"

"व्हय. तेच."

"दोनदा?" आईनं खोल श्वास घेतला. "घेऊन ये बाई त्याला घरी. बाबांना मी सांगते."