मेंढरांनी दाखवलेली बारव

रुपालीच्या धाकट्या भावाचं, माउलीचं, जावळ काढलं ते साल दोन हजार तेवीस. मे महिना होता. जेवणावळ उरकली, पाहुणे पांगले आणि दुसऱ्याच दिवशी आज्जानं मेंढरं विकायची गोष्ट काढली.

"बारव न्हाय राहिली, तर जित्राबं पाजायची कुटं?" बिरप्पा आज्जा म्हणाला आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठला.

दरसाल दिवाळी झाली की आज्जा मेंढरं घेऊन माढ्याकडं उसाच्या मुलखात जायचा, ते उन्हाळ्यात परतायचा. या खेपेला परतून बघतो तर सोलापूरच्या शिवेवरचं त्याचं चराऊ रान सपाट झालेलं. चिंचेचं बन गेलं. मुरूम टाकून सगळं पाट्यासारखं केलेलं, वर लाल झेंडे आणि 'सोनकमळ नगरी, तीनशे फ्लॅट' असा फलक. रानातली दगडी पायऱ्यांची जुनी बारव कुठं दिसेना.

साइटचा मॅनेजर म्हणाला, "इथं बारव नव्हतीच. दाखवा की कुठं होती ते."

आज्जाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. बन नाही, बांध नाही, खूण कशाची धरायची? तो तीनदा गेला आणि तीन वेगळ्या जागा दाखवून आला. मजूर हसले. रुपालीचे वडील हसले नाहीत, पण आज्जाला म्हणाले, "बारव होती हे खरं, आण्णा. पण दाखवता येत न्हाय तर कोण ऐकणार?"

रुपालीला ते हसण्याहून जास्त लागलं.

तिची जोडी होती शेजारच्या गल्लीतली धम्मप्रिया आणि तिचा धाकटा भाऊ सिद्धांत. त्यांची आई नर्स. सुट्टीत ही दोघं दिवसभर रुपालीकडंच. सिद्धांतनं बातमी आणली. "गुरुवारी अकरा वाजता मोजणीच्या मॅडम येणार आहेत. रिकामी जमीन असं त्यांनी लिहिलं की प्लॅन पास."

"तुला कोणी सांगितलं?"

"वॉचमन निंगप्पामामांनी. मी त्यांना फ्लॅटचा भाव विचारला."

"तू घेणार फ्लॅट? तुझ्याकडं सायकलला घंटी नाही," धम्मप्रिया म्हणाली.

तिघांनी काठ्या घेऊन दोन दिवस मुरूम टोचून बघितला. हाताला फोड आले, हाती काही आलं नाही.

बुधवारी दुपारी आज्जा दारात पिंप भरून मेंढरं पाजत होता. पाजताना धनगर शीळ घालतो. लांब, हलकी, एकसुरी. ती शीळ पाण्यापुरतीच. एरवी कधी घालायची नाही. आज्जानं शीळ घातली आणि धम्मप्रिया भुवया उडवून बघत राहिली.

"रुपे, ही चार मेंढरं पिंपाकडं का येत नाहीत?"

माढ्याकडं जन्मलेली लहान मेंढरं पिंपाला भिडली होती. चार म्हाताऱ्या मेंढ्या मात्र पाठ फिरवून उभ्या. चौघींची तोंडं सोनकमळ नगरीकडं.

रुपाली हळूच म्हणाली, "आज्जा, ह्यांनी बारवेवर किती वर्षं पाणी पिलं?"

"सात-आठ तरी." आज्जाचा हात पिंपाच्या काठावरच थांबला. "पोरी, ह्ये माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय गं?"

बेत ठरला. सिद्धांत म्हणाला, "सकाळपासून तहानेली ठेवू, म्हणजे धावतील."

"मुकं जनावर हाय ते," आज्जा म्हणाला. "सकाळचं पाणी चुकवीन, त्याच्यावर एक घटका न्हाय. जमलं तर त्येवढ्यात जमंल."

गुरुवारी फाटकावर सिद्धांत निंगप्पामामांना विचारत होता, "मामा, तिसऱ्या मजल्यावर शेळी ठेवता येईल का? लिफ्टमधून नेली तर?" मामा हसत समजावून सांगत होते आणि त्यांच्या पाठीमागून चाळीस मेंढरं, एक म्हातारा आणि दोन मुली आत गेल्या.

मोजणीच्या विजयमाला मॅडम नकाशा पसरून उभ्या होत्या. मॅनेजर धावत आला. "ए म्हाताऱ्या, मेंढरं बाहेर काढ."

 रुपाली पुढं झाली. "मॅडम, आमचा आज्जा खोटं बोलत न्हाय. त्याला दिसत न्हाय, येवढंच. दोन मिनिटं थांबा की."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "दोनच."

आज्जानं शीळ घातली. ओठ सुकले होते, पहिली शीळ फुटलीच नाही. रुपालीनं त्याचा हात धरला. दुसरी घुमली.

चारही म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि झेंडे ओलांडून पळत सुटल्या. मागनं सगळा कळप. पार तिकडं, आज्जानं दाखवलेल्या तिन्ही जागांपासून लांब, त्या मुरमावर थांबल्या. गोल नाही, घोळका नाही. खांद्याला खांदा लावून एका सरळ रांगेत, माना खाली घालून. त्यांच्यापुढं पाणी नव्हतं, कोरडा मुरूम होता. तरी त्या उभ्याच राहिल्या.

"डोणीवर अशाच उभ्या राहतात," रुपाली म्हणाली. "बारवेतलं पाणी वर काढून दगडी डोणीत ओततो ना, तितं."

"मेंढरांचं काय ऐकता, मॅडम?" मॅनेजर म्हणाला.

"ऐकते, कारण त्यांना प्लॅन पास करून घ्यायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "इथं खणा."

हातभर मुरूम निघाला आणि फावडं दगडावर खणकलं. डोणीचा काठ वर आला, मेंढरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेला. संध्याकाळपर्यंत बारवेची पहिली पायरी उघडी पडली. मॅडमनी पंचनामा लिहिला, प्लॅन माघारी गेला. चार महिन्यांनी नवा प्लॅन आला, त्यात बारव होती आणि मेंढरांना यायला वाटही होती.

बारव सापडली त्या संध्याकाळी मॅडम तिघांना म्हणाल्या, "माझ्या नकाशात नव्हतं ते तुम्ही बघितलंत. शाबास." बातमी ऐकून रुपालीचे वडीलही तिथं आले. त्यांनी आज्जाच्या पायावरची धूळ आपल्या पंच्यानं पुसली. आणि आज्जा, तिघांच्या डोक्यांवरनं हात फिरवत म्हणाला, "माझं डोळं तुमीच की रं."

मेंढरं विकली नाहीत. त्या साली आज्जा माढ्याकडं गेला नाही, घरीच राहिला. दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, सतरा तारखेला बुधवारी सकाळी बिरप्पा आज्जा वारला.