बुरुजावरच्या पट्ट्या

टक्. पितळी वाटीच्या काठावर अंडे फुटले, आणि रात्रभर तोफांच्या धाकाने दडपून बसलेल्या घोणसगडावरची पहाटेची निःशब्दता तेवढ्याशा आवाजाने तडकली. खाली खोऱ्यात गनिमाच्या छावणीतल्या शेकोट्या धुक्यात विझत होत्या. वर किल्लेदारांच्या सदरेमागे हाडवैद्य धुळबा अंड्याच्या पांढऱ्यात चुना कालवीत होता, आणि किल्लेदारीणबाई भागीरथीबाई तीन वर्षांच्या सगुणेला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

सगुणेचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला. टाच वर ओढलेली, तळवा आभाळाकडे. ग्रहणाचा दोष म्हणून साऱ्यांनी हात टेकले होते. धुळबाने मात्र पाऊल हातात घेऊन सांगितले, की पाळण्यातच दाखवली असतीत तर लोण्यासारखी वळली असती. आता हाड हट्टी झाले आहे, पण अजून ऐकेल. आठवड्याच्या आठवड्याला तो जुने बंध सोडी, कण्हणाऱ्या पोरीला गोष्ट सांगत सांगत पाऊल गव्हाएवढे बाहेर वळवी, आणि त्या चुन्यात भिजवलेल्या पट्ट्यांत ते तसेच थिजवी. लेक आता टाचेची कड जमिनीला लावू लागली होती.

आजारपणाचे कापड उंबऱ्याच्या आत वाळवू नये, ही गडाची रीत. म्हणून सोडलेल्या पट्ट्या धुऊन तटावर वाळत घातल्या जात. ते काम धुळबा कुणावर सोपवत नसे. आणि वेढ्याच्या त्या दिवसांत बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली, जी न येती तर बरे झाले असते, असे त्यांना जन्मभर वाटत राहिले: पट्ट्या जिथे फडफडत, तिथेच दुसऱ्या दिवशी गोळे येत, आणि तट नेमका तिथेच आतून खचलेला असे.

मागच्या खेपेला त्यांनी त्या पट्ट्या गुपचूप उचलल्या आणि अखंड कातळावरच्या उत्तर बुरुजावर नेऊन पसरल्या. दुसऱ्या दिवशी गनिमाने दिवसभर त्या कातळावर दारू जाळली.

"धुळबा," शेवटचा बंध बसत असताना त्या म्हणाल्या, "उत्तर बुरुजावर पट्ट्या मी घातल्या होत्या."

वैद्याचे हात थांबले नाहीत. आपले दोन्ही मुलगे खाली छावणीत बेड्यांत आहेत, एवढे त्याने मान न उचलता सांगितले. मग हलकेच म्हणाला, "पोरीचं पाऊल अर्ध्या वाटेवर आहे, आईसाहेब. तेवढं होईतो मला जगू द्या. मग मी आपल्या पायानं कड्यावर जाईन."

किल्लेदार रायाजीरावांनी हे ऐकले, आणि रणात कधी नजर न वळवलेला तो पुरुष लेकीच्या पावलाकडे पाहीना. वैद्याला बेड्या घालू, तळघरात ठेवू, तिथेच पाय बांधील, म्हणाले. शिबंदीला कळायचे कारण काय? बाईंनाही तेच हवे होते. देवाशपथ तेच हवे होते. पण खचलेल्या तटाखाली दबून मेलेल्या गोलंदाजाची तरणी बायको त्याच तटाला माती वाहताना त्यांना गवाक्षातून दिसत होती.

"फितुराला कडेलोट, हा शिरस्ता आपणच घातलात. आपल्या लेकीसाठी तो मोडलात, तर त्या बाईला मी तोंड कुठलं दाखवू? आणि उद्या तटावर उभं कोण राहील?"

"तुम्ही आई आहात, भागीरथीबाई."

"म्हणून तर लगेच बोलले. उद्या माझ्याच्यानं बोलवलं नसतं."

उन्हे चढायच्या आत धुळबाला कड्यावरून लोटले. बंध भिजू देऊ नका, एवढेच तो जाताना म्हणाला.

गड तरीही गेला; फितुरीने नव्हे, टाकी आटल्याने. मधल्या काळात बंध सैल झाले. बाईंनी स्वतः बांधून पाहिले, तर इवली बोटे निळी पडली आणि रडत रडत सारे कापावे लागले. मग रोज तेल लावून चोळीत बसत. पण पाऊल दिवसेंदिवस, जणू घरी परतावे तसे, आत वळत गेले. धुळबाआजा कुठे गेला, असे सगुणेने विचारले तेव्हा कुणीतरी तिला सांगून टाकले होते, की खाली गेला.

तहाप्रमाणे शिबंदी शस्त्रे ठेवून गड उतरू लागली. पायऱ्या संपता संपता कडेवरच्या सगुणेने आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई, आता आपणपण खाली आलो ना? मग आजा येईल ना माझा पाय बांधायला?"