मेल्यावरही भरणारी अंडी

पहिली खटकलेली गोष्ट बारीकच होती. बादलीत टाकलेली मेलेली कोळंबी सकाळी काचेसारखी पारदर्शक होती. दुपारी तिच्या पाठीत हिरवट-काळी रेघ उमटली होती.

ती रेघ म्हणजे अंडी. बंद टाकीत माद्या सहसा आपणहून अंडी धरत नाहीत, म्हणून वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडमध्ये त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून हार्मोनचं इंजेक्शन देतात. अंडी येतात. मग न फुटणारी येतात. मग माद्या खाणं सोडतात, कात टाकताना अडकून मरतात. मी शेडच्या मालकांना, विश्रामसरांना, हे कितीदा सांगितलं! "कोळंबीच आहे गं, माहेरचं माणूस नाही," म्हणाले आणि डोस वाढवला.

काल एक मादी उसळली आणि तीच सुई माझ्याबरोबर काम करणाऱ्या योगिनीच्या अंगठ्यात गेली. ती घाबरून म्हणाली, "सर, डॉक्टरकडे जाऊ?"

"का? अंडी घालणारेस?"

ते ओलं फडकं त्यांच्या तोंडावर मारावंसं वाटलं मला.

आज योगिनी आलीच नाही. विठ्ठलवाडीला खोलीवर एकटी असते. सकाळपासून फोन उचलत नव्हती. मी सरांना म्हटलं, जाऊन बघून येते.

"आधी दुसरा डोस दे सगळ्यांना. मग जा कुठे ते."

आणि शटर ओढून जेवायला गेले. बाहेरून कुलूप लावून! औषधाची बाटली मी संतापाने मोरीत आपटून फोडली. आयोडीनचा, कुजक्या मासळीचा वास नाकात गेला. काळ्या पडद्यांमागे दुपारीही मिट्ट अंधार, आणि पंपाची ती बुडबुड... बुडबुड...

बॅटरी लावून बादलीत पाहिलं. आता सगळ्याच भरल्या होत्या. मेलेल्या, वास मारणाऱ्या, आणि पाठी टरारून फुगलेल्या. कोळंबीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात, ते रोजचंच. पण ते सगळे हळूहळू माझ्याकडे वळले...

उजेड तसाच धरून दुसऱ्या हाताने मी पुन्हा योगिनीला फोन लावला. रिंग जात राहिली. उचल गं बाई, उचल...

"हं."

"योगिनी! अगं, कुठे आहेस? बरी आहेस ना?"

"खोलीवरच आहे." आवाज तिचाच होता, फक्त फार संथ. "दार-खिडक्या लावून पडलेय."

"मी येते. काहीही करून येते."

"ये... पण आधी ती बॅटरी बाजूला कर ना गं. डोळ्यांत जातेय."