टबातला हात

कंपनीच्या बसची ती एक खिडकी बंद होत नव्हती, एवढंच निमित्त झालं. धावतपळत आलेली स्वरूपा सांगवीच्या थांब्यावर चढली, ती नेमकी त्याच खिडकीशी अडकली. बस सुटली आणि जानेवारीचा वारा तिच्या ओढणीला जुमानेना. पुढच्या थांब्यावर टूलरूममधला गणराज चढला आणि शेजारी येऊन बसला. उदगीरचा, उंच, बसच्या दारातून वाकूनच आत येणारा. त्यानं दोन-चारदा चोरून तिच्याकडे पाहिलं, मग अंगातला शेवाळी स्वेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"थंडी वाजायली की तुम्हाला, मॅडम."

"आणि तुम्हाला?"

"मला… आता नाही वाजायली," असं म्हणून तो समोर बघत बसला.

निघोजेला कंपनीशी उतरताना स्वेटर परत द्यायचा राहून गेला. राहून गेला की राहू दिला, ते आपण विचारू नये. संध्याकाळी परतताना तो म्हणाला, राहू द्या अजून. नोकरी लागली तेव्हा थोरल्या बहिणीनं, दिव्याताईनं, हौसेनं घेतला होता, हेही त्यानं सांगितलं. त्या रात्री स्वरूपा स्वेटर अंगात घालूनच झोपली.

दुसऱ्याचं कापड अंगाला लागलं की धुऊनच परत करायचं, ही तिच्या घरची रीत. रविवारी तिनं कॉलरच्या आतलं लेबल नीट पाहिलं. पाण्यानं भरलेला टब आणि त्यात एक हात. आता स्वरूपा कंपनीच्या सेफ्टी विभागातली. प्रेस मशीनवर हाताच्या चित्राचे स्टिकर लावायचे आणि दिसेल त्याला बजावायचं, की हाताचं चित्र म्हणजे हात लांब ठेवा. तिनं लगेच ओळखलं - या टबात हात घालू नका, मशीनलाच लावा. लोकर म्हणजे उबेची वस्तू, तिला गरम पाणीच मानवेल, हेही बाईसाहेबांनी परस्पर ठरवलं.

मशीनमधून बाहेर आला तो पहिलीतल्या पोराच्या मापाचा, घोंगडीसारखा घट्ट झालेला स्वेटर. लेबल तेवढं होतं तेवढंच राहिलं होतं. तिनं घाबरून मोबाइलवर अर्थ शोधला. टबातला हात म्हणजे हातानंच धुवा, हळुवार. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या कंपनीला चित्रं वाचायला शिकवणारी आपण, आणि आपल्याला हे एक वाचता आलं नाही. तेही त्याच्या स्वेटरवरचं…

सोमवारपासून ती स्कूटीनं जायला लागली. भोसरीपर्यंतच बोटं बधिर व्हायची. कँटीनमध्ये गणराज दिसला की ती ताट तसंच ठेवून उठायची. त्याचा मेसेज आला, बरं आहे ना? उत्तर चार वेळा लिहून चार वेळा पुसलं. त्याला तोंड कसं दाखवायचं?

शुक्रवारी तिच्या टेबलाशी येऊन एचआरमधल्या भाग्यश्रीनं सहज सांगितलं, की गणराजनं कायमची रात्रपाळी मागितली आहे. आपल्यामुळं मॅडमना बस सोडावी लागली, असं तो म्हणत होता. लाज स्वरूपाची, आणि शिक्षा तो भोगणार होता.

शनिवारी ती बसमध्ये मुद्दाम त्याच खिडकीशी बसली. गणराज चढला, तिला पाहून घुटमळला. तिनं बाजूची सीट हातानं झटकली, तेव्हा अंग चोरून बसला. तिनं पिशवीतून स्वेटर काढला.

"हा तुमचा स्वेटर. म्हणजे… होता."

खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. टब, हात, गरम पाणी, काहीही न वगळता. कान तापले होते. तो बराच वेळ त्या चिमुकल्या बाहीत दोन बोटं घालून बघत राहिला.

"म्हणजे ह्याच्यामुळं तुम्ही थंडीत गाडीवर यायलात?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मी आगाऊपणा केला. आठवडाभर मला माझीच लाज वाटायली."

"लाज माझी आहे. तुम्ही नका घेऊ."

"अर्धी अर्धी करू की."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"रात्रपाळी नका घेऊ," ती म्हणाली.

"का?"

बस मोशीच्या सिग्नलला थांबली होती. आता गप्प बसलं तर पुन्हा पळणंच झालं असतं.

"कारण… स्वेटर नसला तरी चालेल मला. तुम्ही नसलात तर नाही चालणार."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं आपला हात दोघांच्या मधे सीटवर उताणा ठेवला, काळ्या तेलाच्या रेघा असलेला.

"ह्याचा अर्थ काय, मॅडम? लांब राहा?"

"नाही," ती म्हणाली. "हळुवार."

आणि दिसेल त्याला हात लांब ठेवायला सांगणाऱ्या स्वरूपानं आपला गार पडलेला हात त्याच्या हातात दिला. तो हात निघोजे येईपर्यंत तिथंच होता.