कोरडी टाकी

श्रुती कांबळे त्या जुन्या दगडी टाकीकडं पुन्हा एकदा निघाली, तेव्हाच तिचं डोकं तापलं होतं. पाणी खात्यात ती ज्युनिअर इंजिनिअर. संस्थानकाळातली ती टाकी कधीच बंद पडलेली, तरी गल्लीतले हंबीरराव दर आठवड्याला ऑफिसात फोन करायचे : आत पाणी पडतंय.

"काका, गल्लीला पाणी नव्या लाइनचं येतं. टाकीचा पाइपच कापलाय. पाणी पडंल कुठनं?"

"ते मला काय इचारतासा? इंजिनेर तुमी."

मे महिन्यातली दुपार. गल्ली चिडीचूप. टाकीखालच्या बुरुजातला लोखंडी जिना चढून श्रुतीनं टाकीचं पत्र्याचं झाकण उचललं. टॉर्च मारला. तळाला धूळ, कबुतरांची पिसं.

"ठणठणीत कोरडी हाय!" ती वैतागून ओरडली.

झाकण टाकणार, तोच ओल्या शेवाळाचा वास आला. मग धार पडल्याचा आवाज. टॉर्चच्या उजेडात धूळ तशीच होती... आणि त्या धुळीतून कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं,

"व्हॉल बंद करा की ओ... गळ्यापतूर आलं..."

ती कशी खाली आली, तिलाच कळलं नाही. जिन्याखालचं व्हॉल्व्हचं गंजकं चाक तिनं दोन्ही हातांनी फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. वरची धार थांबली.

खाली बुरुजाच्या दारात थांबलेल्या हंबीररावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पिराजी... आमी पोरं हुतो तवा टाकी धुवायला उतरला हुता. कुणीतरी चुकून व्हॉल सोडला."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीचे नळ कोरडे पडले. नव्या लाइनचा त्या चाकाशी काडीचा संबंध नव्हता. तरी तिनं चाक फिरवल्याचं कळताच माणसं घागरी घेऊन ऑफिसात धडकली, आणि साहेब श्रुतीवर खेकसले, "जे बंद केलंस ते सोड जा!"

"सर, आत माणूस..."

"कोण माणूस?"

काय सांगणार? तणतणतच ती टाकीपाशी आली. सोडावं तर तो बुडणार, न सोडावं तर गल्ली तहानेनं मरणार. शेवटी तिनं हंबीररावांकडून आडाचा दोर घेतला, वर जाऊन कठड्याला बांधला आणि आत सोडला. स्वतःचाच राग येत होता तिला.

"पिराजीमामा, या बघू वर. मग व्हॉल सोडते. मला बी घरदार हाय."

बराच वेळ काही झालं नाही. मग दोर ताठ झाला. करकरला. कठडा थरथरला. श्रुतीनं डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या अंगावरून गार वारा गेला, आणि दोर सैल पडला.

झाकण टाकून ती खाली आली आणि तिनं चाक उलटं फिरवलं. गल्लीत एकच गलका उठला, "आलं! पाणी आलं!" कितीतरी दिवसांनी श्रुतीला मोकळं हसू आलं.

हंबीरराव मात्र भिंतीला चिकटून उभे होते.

"बाई... तुमच्या म्होरं जिन्यावनं कोण उतरलं?"

श्रुतीनं वळून रिकाम्या जिन्याकडं पाहिलं.

"वर बघायचा धीर झाला न्हाय मला. जाता जाता म्हणाला... केरबाला बी काढा."

"केरबा कोण?"

"ठावं न्हाय, बाई... पिराजी एकलाच उतरला हुता."

वर, टाकीच्या आतून, कुणीतरी पत्र्यावर तळहात आपटू लागलं.