तिसऱ्या दाण्यावरचा माणूस

साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची, पंच्याण्णव सालची गोष्ट. लग्नं आणि पासपोर्टचे फोटो यांवर घर चालायचं; हौस मात्र वेगळी. कॅमेऱ्याचं भिंग उलटं बसवून मुंगीचा पाय, फुलातला पराग असलं काही टिपायचं आणि वर्तमानपत्राएवढं मोठं छापायचं.

वैशाखातल्या एका दुपारी मेढ्याकडची लक्ष्मीमावशी आली. आईची जुनी मैत्रीण. पदराच्या गाठीत भाताचे तीन दाणे.

“नागसेन, ह्यांचा फोटू काढ. मालकांनी जपल्यालं बी. आता गावात कुनाकडंच न्हाई.”

तिचे मालक, सोपानकाका, तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचं बी बरंचसं उंदरांनी खाल्लं. राहिलं ते मावशीनं गेल्या साली पेरलं, तर कुजून गेलं.

“ह्ये तीनबी मेल्यालंच असनार. उद्या वढ्यात सोडते. फोटू तरी ऱ्हाईल.”

फोटो काढले. मावशीला बाहेर बसवून मी डार्करूमचं दार लावलं.

लाल दिव्याखाली रसायनात कागद हलवत राहिलो. पहिल्या दाण्याचं टरफल हळूहळू वर आलं. नांगरलेला डोंगर जणू. लांबच लांब सऱ्या, त्यांवर दाट लव. दुसराही तसाच. तिसरा कागद भिजवला आणि खोलीत वास दरवळला. रसायनाचा नव्हे. चिखलणीचा, ओल्या मातीचा...

सरीत कुणीतरी उभं होतं.

मुंगीएवढं. कचरा असेल म्हणून निगेटिव्ह पुसली, पुन्हा छापली. आता ते दोन सऱ्या पुढं होतं. निगेटिव्ह तीच... भिंग लावून पाहिलं. पाठमोरा माणूस, खांद्यावर घोंगडं, डावीकडं कललेला. पळून जावंसं वाटत होतं, तरी हातांनी आणखी एक कागद घेतलाच.

या खेपेला तो दाण्याच्या बुडाशी पोचला होता, कोंब फुटतो तिथं. झोपलेल्या लेकराला उठवावं तसा वाकून तळवा टेकवून होता.

ओला कागद मी मावशीपुढं धरला. तिनं भिंगातून पाहिलं.

“आवं... तुमी?” ती कागदाशीच बोलली. मग मला म्हणाली, “डाव्या पायानं लंगडायचं ते.”

“मावशी, जाळून टाकू का?”

“येडा का खुळा तू? त्या दाण्याला जागं करत्यात ते.”

दाणे ओढ्यात गेले नाहीत. तीन कुंड्यांत तीन लावले. दोन कुजले. नवव्या दिवशी तिसऱ्यानं हिरवं टोक काढलं. त्या एका रोपाचे दीडशेवर दाणे झाले, पुढच्या साली वाफा झाला, त्याच्या पुढच्या साली अख्खं खाचर. शेजारचा धुळा बी मागायला आला तेव्हा मावशी किती दिवसांनी हसली.

सत्त्याण्णवच्या आश्विनात तिनं मला पीक बघायला बोलावलं. आम्ही दोघं बांधावर बसलो. भात लोंब्यांनी वाकलेलं. वारा पडला होता, पान हलत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला भात दुभंगलं. एक वाट उघडत, मागं मिटत, संथपणे आमच्याकडं येऊ लागली...

मी कॅमेरा उचलला. मावशीनं तो हळूच खाली दाबला.

“आता नगं,” ती कुजबुजली, आणि बांधावर जराशी सरकून तिनं शेजारी जागा केली.