मथुराबाईचं बोलावणं

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. आपल्या मच्छिंद्रला साधी थाप मारता येत नाही, तो भूत कुठून रचणार? त्याच्याच बाबतीत घडलं हे. याच वर्षी, चैत्र पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागण नुकती झाली होती.

हिंजवडीच्या अलीकडचं आपलं गाव. कंपन्या आल्या, वावरं गेली, पण जत्रा राहिली. आदल्या संध्याकाळी पालखीचं बोलावणं द्यायचा मान मच्छिंद्रच्या घराचा. दारात उभं राहून घरातल्या थोरल्या माणसाला नावानं हाक मारायची. आतून ओ आली की उंबऱ्यावर भंडारा वाहायचा आणि पुढचं घर गाठायचं. ओ आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

पुढं घरं विकली, माणसं पांगली, तरी तो जिथं माणूस असेल तिथं जाऊन हाक मारायचा. गेल्या वर्षी मच्छिंद्रनं बोलावणं सरळ मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं आणि काम हलकं झालं म्हणून खूश झाला. त्याची चुलती मथुराबाई तेव्हा मुलाकडे, संपतकडे, बिबवेवाडीच्या फ्लॅटात राहायची. तिच्याकडे कुठला मोबाइल? नवं लुगडं नेसून, दार उघडं टाकून बसली. "मच्छिंद्र हाक मारल्याबिगर ऱ्हायचा न्हाई," म्हणत राहिली. जेवलीसुद्धा नाही. यंदा माघात म्हातारी वारली, तेव्हा संपतनं त्याला हे सांगितलं. आईविना पोर म्हणून जिनं वाढवलं, तिचंच बोलावणं चुकलं. फार लागलं ते त्याला.

म्हणून या वर्षी तो पायीच निघाला. जिथं पूर्वी घरं होती, तिथंही गेला. मथुराबाईच्या घराच्या जागी आता टॉवर आहे. तिची चूल होती तिथं बेसमेंट, गाड्या लावायला. वॉचमन नागोराव विदर्भाकडचा. म्हणाला, "जा ना बाप्पा, पण लवकर येजा."

खाली लख्ख दिवे होते. माणूस कुणी नव्हतं. म्हातारी गेलेली, तेव्हा घरात थोरला आता संपत. मच्छिंद्रनं हाक मारली, "संपतराव, पालखीला चला हो!"



पुन्हा मारली.

गाड्यांच्या मागून आवाज आला. बारीक. दमलेला.

"संपत न्हाई... मी हाय."

मच्छिंद्र आवाजाच्या दिशेनं वळला.

"मला न्हाई व्हय रं... बोलावणं?"

तो घाबरला, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा रडू मोठं निघालं. भंडारा सांडत होता.

"काकी..." एवढंच. मग कसंबसं, "मथुराबाई... पालखीला चला."

मग गाड्यांच्या मागून...

"ओ."

भंडारा फरशीवर ठेवला. बाहेर पडला. मागं पाहिलं नाही.

सकाळी नागोरावचा फोन आला. तिथं कुणा शेफाली मॅडमची गाडी असते, ती रात्रभर जागची हलली नव्हती. मॅडम गाडी घेऊन ऑफिसला गेल्या, तर खाली शेणाचा सडा. वर हातानं सारवलेलं, बोटं उमटलेली. बोलावणं मिळालेलं घर पहाटे सडासारवण करून पालखीची वाट बघतं, हे त्या परगावच्या माणसाला काय माहीत! आणि शेण आणलं कुठून? गावातली शेवटची गाय विकून वर्षं झाली.

मच्छिंद्र सोसायटीवाल्यांच्या अक्षरशः पाया पडला. पालखी खाली न्यायची परवानगी मिळाली नाही. पालखी मोठ्या रस्त्यानं निघून गेली.

आता वैशाख सरत आला, पोरांनो. काल मी स्वतः खाली जाऊन बघून आलो. बाकीची फरशी कोरडी ठणठणीत...

सडा अजून ओलाच आहे.